चिमणीच्या पाइपाचं बाहेरचं तोंड: पट्ट्यांचं झाकण की स्टीलची टोपी?

गेल्या जुलैत आमच्या ओट्यावरच्या भिंतीला, चिमणीचा पाइप जिथून बाहेर जातो तिथे, ओल आली. पाऊस पाइपातूनच येत असणार असं मी धरून चाललो होतो. झाकण उतरवल्यावर कळलं की पाइपाभोवतीचं व्हाइट सिमेंट नखाने निघतंय आणि पाणी त्या फटीतून झिरपतंय. पाइपात कबुतराच्या काड्या होत्या, त्या वेगळ्याच.

प्लास्टिकच्या पट्ट्यांचं झाकण स्वस्त आणि बसवायला सोपं. पंखा चालू झाला की पट्ट्या उचलल्या जातात, बंद झाला की वजनाने मिटतात. पण उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं आणि स्वयंपाकघरात तेलाचा चिकट थर बसून पट्ट्या अर्धवट उघड्या राहतात. मग कबुतराला आयतंच घर मिळतं. पश्चिमेच्या वाऱ्यात रात्रभर फडफड होते ती निराळी.

स्टीलच्या टोपीचं तोंड खाली असतं, त्यामुळे तिरपा पाऊस सहसा आत शिरत नाही. महाग पडते, पण वर्षानुवर्षं टिकते. घेताना आत झडप आहे का ते बघा, नाहीतर वारा उलटा घरात येतो. जाळी बारीक नको. तुपातेलाच्या वाफेने ती बुजते आणि चिमणी ओढेनाशी होते. कबुतर अडवायला अर्ध्या इंचाची भोकं पुरतात. समुद्राकाठी नेहमीच्या ३०४ ग्रेडच्या स्टीललाही तांबूस डाग पडतात, तिथे कमी गंजणारं ३१६ ग्रेडचं मिळालं तर घ्यावं.

स्वयंपाकघर आणि पश्चिमेची भिंत असेल तर मी डोळे झाकून स्टील घेईन. इमारतीच्या डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) उघडणाऱ्या बाथरूमच्या पंख्याला प्लास्टिक पुरे. गॅस गिझरच्या धुराच्या पाइपाला मात्र यातलं काहीच लावू नका. तिथे कोंडलेला धूर जिवावर बेततो, त्यामुळे गिझरच्या कंपनीने दिलेलंच तोंड ठेवा.

आता फट. खरा निर्णय इथेच आहे, आणि बहुतेक जण तो कारागिरावर सोडतात. त्याच्या पिशवीत व्हाइट सिमेंट असतं. ते ताणलं जात नाही, पाइप तापतो, थरथरतो आणि वर्षभरात केसासारखी भेग पडते. सिलिकॉन ताणलं जातं, पण त्यावर रंग धरत नाही. त्यातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंटला नीट चिकटत नाही आणि धातूलाही खातं, म्हणून तो वास नसलेलं, ‘न्यूट्रल’ लिहिलेलं सिलिकॉन मागा. मी पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, म्हणजे फटी बुजवायची लवचिक पेस्ट, वापरलं. ते सिमेंटला घट्ट धरतं आणि वर रंग देता येतो. रंग द्याच, उघडं राहिलं तर उन्हाने खराब होतं.

बोटभर फट असेल तर आधी मॉर्टर (सिमेंट-वाळूचा गिलावा) भरून पूर्ण सुकू द्या, मग वरून सीलंट लावा. काम एप्रिल-मेमध्ये, भिंत कोरडी असताना उरका. पाइपाभोवतीची फट पूर्ण गोल बंद करा, पण टोपीच्या कडेला सीलंट वरून आणि दोन्ही बाजूंनीच लावा, खालची कड मोकळी ठेवा. मागे शिरलेलं पाणी तिथूनच निघून जातं. आमच्या कारागिराने तीही भरली होती, मी समोर उभं राहून ब्लेडने कापून घेतली.