पोटातला फुगा की आतून टाके? हृदयरोग्यांसाठी

वजन उतरवायचे हे दोन्ही उपाय दुर्बिणीने, तोंडावाटे; पोटावर चिरा नाही. फुगा बहुधा मिठाच्या पाण्याने भरतात, साधारण 6 महिन्यांनी काढतात. भूल हलकी चालते, पण पहिले काही दिवस मळमळ, उलट्या. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम घसरून ठोके बिघडू शकतात. म्हणून गडचिरोलीतल्या एटापल्लीसारख्या लांबच्या भागातून नागपूरला आलेल्या माणसानं तेवढे दिवस नागपुरातच नातेवाइकांकडे थांबावं. स्टेंटनंतर (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर फुगा सहसा नकोच.

टाक्यांनी जठर आतून अरुंद होतं. पूर्ण भूल लागते, पण वजन जास्त उतरतं: वर्षभरात साधारण 15 टक्के, फुग्यानं 10च्या आसपास. हृदय भूल सोसेल असं हृदयरोगतज्ज्ञ म्हणाले, तर मी टाकेच सुचवेन. चालू असलेल्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. उपचारानंतर सुरुवातीला वरणाचं पाणी, ताक. ज्वारीची भाकर नंतर.