खचलेल्या पायऱ्या: वरून थर द्यावा की उकरून नव्याने बांधाव्यात?

दारापुढच्या पायऱ्या खचल्या की गवंडी दोन वाटा सांगतो: आहे त्यावरच थर चढवून नवी फरशी बसवा, नाहीतर सगळं उकरून नव्याने बांधा. परभणीतल्या आमच्या घरी हे दोन्ही करून झालंय.

आमच्या पायऱ्या दीड-दोन इंच खचल्या होत्या, त्याही घराच्या बाजूला कलून. खरं तर खचण्याचं काही वाटत नव्हतं, जीव नकोसा केला तो उलट्या उताराने. आई सकाळी उंबरठ्यापुढे रांगोळी काढायची. पावसाची एक सर आली की ते रंगीत पाणी अंगणात न उतरता उंबरठ्याशी येऊन साचायचं आणि पायरी नि जोत्याच्या मधल्या भेगेत जिरायचं. मे महिन्यात त्या भेगेत माझं बोट जायचं.

आधी थर दिला. तीन दिवसांत काम उरकलं, राडारोडा नाही, खर्चही झेपणारा. उतार बाहेर काढून घेतला आणि पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या पावसाळ्यात रांगोळीचं पाणी पुन्हा उंबरठ्याशी! थर जोत्याकडे जाड नि बाहेरच्या कडेला पातळ, त्यामुळे कडेची फरशीही सुटली.

मग उकरायचं ठरवलं. बाहेरच्या बाजूला पहारीचे घाव घालावे लागले. जोत्यालगत मात्र ती हाताच्या दाबानेच आत गेली. पायासाठी खणलेला चर घर बांधताना खणून निघालेल्याच काळ्या मातीने भरून टाकला होता, धुमस न करता, म्हणजे ठोकून न दाबता. विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्याही निघाल्या. अशा भरावावर थर देणं म्हणजे नुसतं वजन वाढवणं.

तीन फूट काळी माती काढली. सहा-सहा इंचांचे मुरुमाचे थर, प्रत्येकावर पाणी मारून धुमस, वर सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), मग पायऱ्या. पाणसळ लावून फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतार बाहेर. जोत्यात सळया ठोकून पायऱ्या अडकवायचं एकाने सुचवलं होतं, पण मी मधे सांधा मोकळा ठेवून डांबर भरलं. पायऱ्या हलल्याच तर जोत्याला ओढू नयेत, एवढाच विचार. गच्चीचं पाणी उतरणारा पाइपही तिथून हलवला. थर देणार असाल तरी हे आधी कराच.

नऊ दिवस मागच्या दाराने ये-जा केली आणि खर्च थराच्या जवळपास तिप्पट झाला. त्यानंतर चार पावसाळे गेले, पाणी अंगणातच उतरतंय. माझा अनुभव एकाच घराचा. मुरमाड जमिनीवर किंवा कोकणात जांभ्यावर घर असेल, तर थरानेही भागेल बहुधा. काळ्या मातीत मात्र मी पुन्हा थराच्या वाटेला जाणार नाही. उकरायचं तर दिवाळीनंतर, मातीत थोडी ओल असताना उकरा; मे महिन्यात तडकलेल्या जमिनीवर बांधलं तर पहिल्याच पावसात ती खालून फुगते.

मन ठरत नसेल तर भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून ठेवा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा ती तडकली नाही, तर खुशाल थर द्या.