कंपोझिशन की रेग्युलर? मसाल्याच्या धंद्यातला हिशेब

मसाला, चटणी, लोणचं असलं काही छोट्या गाळ्यातून विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आसपास गेली, की करसल्लागार विचारतोच: जीएसटी कंपोझिशनमध्ये घ्यायचा की रेग्युलर? कंपोझिशन म्हणजे उलाढालीवर ठरावीक थोडा कर; रेग्युलर म्हणजे गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा, खरेदीवर भरलेला त्यातून वजा करायचा आणि उरलेला भरायचा. मी कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला करतो. काही वर्षं कंपोझिशनमध्ये होतो, आता रेग्युलरमध्ये आहे. तुमचा माल, तुमची गिऱ्हाईकं वेगळी असतील, तेव्हा माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच धरा.

कंपोझिशनचं सुख आधी सांगतो, कारण ते खरंच आहे. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या 18 तारखेपर्यंत सीएमपी-08 हा कराचा फॉर्म भरायचा, वर्षाचं एक रिटर्न, विषय संपला. उत्पादकाला उलाढालीवर 1 टक्का, तोही आपल्या खिशातून, कारण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही. बिलावर आणि दुकानाच्या पाटीवर ‘कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन’ असं लिहावं लागतं. ते वाचून कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. सीझनला, म्हणजे फेब्रुवारी ते मे, डंकावर पहाटेपासून मिरची पडलेली असते. तेव्हा रेग्युलरवाल्याच्या रिटर्नच्या, म्हणजे महिन्याच्या 11 आणि 20 तारखा डोक्यात नसणं ही लहान गोष्ट नव्हे.

पैशाचा हिशेब लोक समजतात तितका सरळ नाही. 500 रुपये किलोचा मसाला धरा. कंपोझिशनमध्ये किलोमागे 5 रुपये गेले. रेग्युलरमध्ये, भाव कर धरून तोच ठेवला तर, त्याच 500 मधून 5 टक्क्यांचे साधारण 24 रुपये निघतात. एवढं ऐकून माणूस कंपोझिशनवर सही करून मोकळा होतो. पण त्या किलोत 300 रुपयांची मिरची-गरम मसाला व्यापाऱ्याकडून बिलाने आला असेल, तर त्यावर भरलेले 15 रुपये रेग्युलरवाल्याला वजा मिळतात. कंपोझिशनवाल्याचे ते बुडाले. म्हणजे खरा फरक किलोला चार रुपयांच्या आत. उलट, मिरची थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर वजा करायला फारसं काही उरत नाही आणि फरक किलोला 18-19 रुपयांवर जातो. त्यामुळे ‘कोणती स्कीम स्वस्त’ या प्रश्नाचं उत्तर तुमच्या खरेदीच्या फायलीत आहे. पाऊचवर 18 टक्के जातात तेही त्यात धरा, आणि नवीन पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र) घ्यायचा विचार असेल तर त्यावरचा करही.

गिऱ्हाईक कोण, हे दुसरं. काउंटरवर येणाऱ्या मावशीला तुमच्या स्कीमशी देणंघेणं नाही. गल्लीतल्या किराणावाल्यालाही बहुधा नाही. पण डिस्ट्रिब्युटर किंवा सुपरमार्केटवाला हमखास म्हणतो, ‘जीएसटी लावून बिल द्या.’ तुमच्या कंपोझिशनच्या बिलावर त्याला क्रेडिट, म्हणजे कराची वजावट, मिळत नाही, आणि पुढे विकताना त्याला 5 टक्के भरावेच लागतात. मग तो भाव पाडून मागतो. त्याचं चूक म्हणता येत नाही.

तरीही या दोन्हींपायी मी बदललं नसतं. मला हलवलं ते निपाणीने.

कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. पुण्यातल्या एखाद्याला हे कलम वाचून काही वाटणार नाही. त्याची सीमा लांब आहे. आमच्याकडे कागल सोडलं, कोगनोळीचा टोलनाका आला की कर्नाटक. निपाणी, संकेश्वर, बेळगाव हे सगळे आमच्याच चवीचे लोक, सोयरीक तिकडची, बोलणं मराठी, आणि तिथला दुकानदार फोनवर म्हणतो, ‘दादा, वीस किलो लावून द्या की.’ मला नाही म्हणावं लागायचं. मुंबईला चारशे किलोमीटरवर पाठवायला हरकत नाही, तासाभरावर पाठवायला बंदी. गंमत म्हणजे खरेदी परराज्यातून चालते. ब्याडगी मिरची हावेरी जिल्ह्यातून येते, संकेश्वरी तर नावापासून तिकडची. ती इकडे आणायची, कुटायची, पण मसाला झाला की परत त्या दिशेला पाठवायचा नाही. आमचा गडहिंग्लजचा माल निपाणीवरूनच जायचा. टेम्पो त्या दुकानावरून पुढे जायचा आणि तिथे एक पोतं उतरवता येत नव्हतं. दुकानदार म्हणाला, ‘मीच येतो, गाडीत टाकून नेतो.’ एकदा ठीक आहे, पण नेहमीचा धंदा अशा आडवाटेने करू नका, असं सल्लागारांनी सांगितलं आणि मला ते पटलं.

ऑनलाइनचंही तेच. 1 ऑक्टोबर 2023 पासून कंपोझिशनवाल्याला ई-कॉमर्स साइटवरून माल विकायची मुभा आहे, पण राज्याच्या आतच. आता आमच्यासारख्यांचा मसाला मागवणार कोण? बेंगळुरूला नोकरीला गेलेली पोरं, गोव्यात दिलेल्या लेकी. नेमकं तेच गिऱ्हाईक वगळलं जातं.

रेग्युलर म्हणजे सगळं गोड, असं मात्र नाही. पुरवठादाराने त्याचं रिटर्न भरलं नाही तर तुम्ही त्याला दिलेला कर तुमच्या 2बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत, दिसतच नाही, आणि क्रेडिट लटकतं. आमचा एक पाऊचवाला माल वेळेवर देतो, रिटर्न नाही. त्याला दर महिन्याला आठवण करणं हे माझ्या कामात बसलंय. करसल्लागाराची फी वाढली. आणि काउंटरवरचा भाव करामुळे वाढवता आला नाही, कारण शेजारी बचतगटाच्या बायका जीएसटीशिवाय विकतात आणि चांगला माल देतात. ती कात्री माझ्याच मार्जिनला लागली. तिमाही रिटर्नची सोय, म्हणजे क्यूआरएमपी, 5 कोटींपर्यंतच्या उलाढालीला आहे, ती घेतली की कागदाचा त्रास बराच उतरतो. कर मात्र महिन्याला भरावाच लागतो.

एवढं असूनही निपाणीला पहिलं रीतसर बिल फाडलं तेव्हा हलकं वाटलं. आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) 5 टक्के लावला, माल 50,000 च्या आतला, म्हणून वाहतुकीचं ई-वे बिलही लागलं नाही. तुमची विक्री सगळी काउंटरवर आणि जिल्ह्यातच असेल, मिरची शेतकऱ्याच्या बांधावरून येत असेल, तर मी कंपोझिशन सोडा म्हणणार नाही. उन्हाळ्यात लोकांची मिरची कुटून देत असाल तरी कंपोझिशनमध्ये अडत नाही. आदल्या वर्षीच्या उलाढालीच्या 10 टक्के किंवा 5 लाख, यातलं जे जास्त तेवढी सेवा चालते. पण सोलापूर, सांगली, सिंधुदुर्ग, नांदेड असा सीमेवरचा जिल्हा असेल, तर मला वाटतं रेग्युलरकडे थोडं लवकर बघावं.

एक व्यवहाराची गोष्ट. कंपोझिशनमध्ये शिरायचं तर नव्या आर्थिक वर्षाच्या आधी, 31 मार्चपर्यंत अर्ज लागतो. बाहेर मात्र वर्षात कधीही पडता येतं. मी म्हणेन, मिरची भरायच्या आत, डिसेंबर-जानेवारीत बाहेर पडा, म्हणजे सीझनची सगळी खरेदी क्रेडिटमध्ये येते. ज्या दिवशी बदलाल त्याच्या आदल्या रात्री गोदामातला माल मोजून लिहून ठेवा. त्या शिलकी मालावरचं क्रेडिटही मिळतं, पण त्यासाठीचा आयटीसी-01 फॉर्म तीस दिवसांत भरावा लागतो आणि वर्षाहून जुनं बिल चालत नाही.