आठ दिवसांची नाट्यकार्यशाळा : शिकवणे उत्तम, प्रयोग मात्र ध्वनिमुद्रित

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या शाळेने सातवीच्या २६ विद्यार्थ्यांसाठी पुण्यातील एका नाट्यप्रशिक्षण संस्थेची आठ दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. रोज दोन तास, प्रत्येक मुलामागे १,२०० रुपये शुल्क आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर पंधरा मिनिटांचा प्रयोग, असे ठरले होते. मराठीची शिक्षिका म्हणून मी आठही दिवस सभागृहात मागे बसून होते, त्यामुळे पुढील अभिप्राय ऐकीव नाही.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी कोणाच्याही हातात संहिता दिली नाही, ही गोष्ट मला विशेष आवडली. त्यांनी खडूने फरशीवर नऊ चौकोन आखले आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचा उजवा हात ज्या बाजूला, तोच रंगमंचाचा उजवा भाग, एवढेच सांगून मुलांना चालायला लावले. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ झाला. मात्र दुसऱ्या दिवशी एक मुलगी उजव्या मनगटाला लाल दोरा बांधून आली आणि मधल्या सुट्टीपर्यंत निम्म्या वर्गाच्या मनगटांवर दोरे दिसू लागले. दुसऱ्याच्या पुढे उभे राहून त्याला झाकायचे नाही, बोलताना प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही, या गोष्टी व्याख्या न सांगता मुलांच्या अंगवळणी पडल्या.

संवादाचा पाठही असाच झाला. ‘चहा ठेवू का?’ हे एकच वाक्य मुलांना आधी नकोशा पाहुण्याला, मग भांडण झालेल्या भावाला आणि शेवटी दवाखान्यातून नुकत्याच परतलेल्या आजोबांना उद्देशून म्हणायचे होते. तिसऱ्या वेळी, एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने वाक्यापूर्वी इतका वेळ घेतला की सगळे सभागृह गप्प झाले. विराम हाही संवादाचाच भाग असतो, हे मी पाठ्यपुस्तकातला नाट्यउतारा शिकवताना अनेकदा सांगितले आहे, पण ते मुलांना कळलेले त्या दिवशी प्रथम पाहिले.

नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनी यांसाठी संस्थेने कोणतेही महागडे साहित्य आणले नव्हते, आणि त्याची उणीवही भासली नाही. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला आणि एकाच मुलीच्या चेहऱ्यावर टॉर्चचा प्रकाश आधी वरून, मग बाजूने आणि शेवटी हनुवटीखालून टाकला. तिसऱ्या वेळी पहिल्या रांगेतील मुले चक्क मागे सरकली. सुपात तांदूळ घोळवून पाऊस, करवंट्या आपटून घोड्याच्या टापा आणि पत्रा हलवून गडगडाट, हे सर्व मुलांनी स्वतः केले. अभिनयाची हौस नसलेल्या पाच-सहा मुलांना विंगेतही काम असते, हे यातून समजले. त्यांच्यापैकी एकाने शेवटपर्यंत पत्रा दुसऱ्या कोणाच्या हाती लागू दिला नाही.

संहितेकडे मात्र फारसे लक्ष दिले गेले नाही. पात्राला काय हवे आहे आणि त्याच्या आड काय येते, या संघर्षाच्या प्रश्नावर किमान एक दिवस द्यायला हवा होता. तो अर्ध्या तासात ‘सुरुवात, मध्य, शेवट’ असे फळ्यावर लिहून संपवण्यात आला. सोबत दिलेली १४ पानी पुस्तिका तर केवळ पाठांतरासाठी आहे. आंगिक (शरीराच्या हालचालींचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषा-रंगभूषेचा) आणि सात्त्विक (मनातला भाव अंगावर उमटण्याचा) हे अभिनयाचे चार प्रकार तीत आहेत, पण सात्त्विक म्हणजे ‘डोळ्यांत पाणी आणणे’ एवढाच खुलासा केला आहे. अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी केवळ एक आहे. स्तंभ (जागीच थिजणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग (आवाज फुटणे), वेपथु (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे) आणि प्रलय (शुद्ध हरपणे) हे उरलेले सात कोठेच नाहीत. इतिहासाच्या पानावर १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केल्याची नोंद आहे, आणि तेथेच ते पान संपते. भावे यांच्या नाटकांत सूत्रधार पदे म्हणत असे आणि पात्रे आपली गद्य भाषणे बहुतांशी ऐन वेळी रचून बोलत. चार दिवस उत्स्फूर्त प्रवेश करणाऱ्या मुलांना एवढे सांगितले असते तरी ते वर्ष केवळ परीक्षेपुरते राहिले नसते.

माझी खरी तक्रार शेवटच्या दिवसाबद्दल आहे. मागच्या पालकांना ऐकू जाणार नाही, असे कारण देऊन संस्थेने सहाव्या दिवशी सर्व संवाद ध्वनिमुद्रित केले आणि प्रयोगात मुलांना त्यावर केवळ ओठ हलवायला लावले. आमच्या सभागृहात जेमतेम १५० माणसे मावतात. दुसऱ्या प्रवेशात एका मुलाला विंगेतून यायला उशीर झाला. तो धावत मंचावर पोहोचला तेव्हा त्याचे वाक्य स्पीकरवरून संपत आले होते आणि त्याचे तोंड मिटलेलेच होते. पालक हसले. ‘चहा ठेवू का?’ म्हणताना सभागृह गप्प करणारा मुलगा तो हाच. त्याचा तो विराम ध्वनिमुद्रणात आधीच कापला गेला होता.

प्रशिक्षक दोघेही वक्तशीर होते, मुलांशी आदराने वागले, आणि शुल्कही मला वाजवी वाटले. ज्या शाळांना आपल्या विद्यार्थ्यांसाठी अशी कार्यशाळा घ्यायची असेल त्यांनी ती जरूर घ्यावी, परंतु प्रयोगात संवाद मुलेच म्हणतील, ही अट आधीच लेखी मान्य करून घ्यावी आणि पुस्तिका वाटण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावी. आम्ही पुढील वर्षासाठी याच अटीवर विचारणा केली आहे. खर्जातला आवाज मागच्या भिंतीपर्यंत कसा पोहोचवावा, यासाठी दोन दिवस वाढवून मागितले आहेत. वाढीव दिवसांचे शुल्क किती ते संस्थेने तत्परतेने कळवले असून अटीबाबतचे उत्तर अद्याप यायचे आहे.