वेशभूषा-शिवणाचा सहा महिन्यांचा वर्ग : चौबगला पक्का, कॅमेरा कच्चा

पुण्यातल्या एका खासगी संस्थेत नाटक-सिनेमाचे कपडे शिवायला शिकवणारा सहा महिन्यांचा वर्ग चालतो. आठवड्याचे पाच दिवस, रोज चार तास. बारा जण, आठ पॉवर मशिनं, एक ओव्हरलॉक, म्हणजे कापडाची कड दोऱ्याने गुंफणारं मशीन. प्रवेशाआधी ब्लाउज आणि सलवार स्वतः बेतून शिवून दाखवावी लागते, आणि ही अट अगदी योग्य आहे. शिवणच येत नसेल त्यांनी आधी आयटीआयचा एक वर्षाचा ड्रेस मेकिंगचा ट्रेड करावा. इथे मशीन चालवायला शिकवण्यात वेळ घालवत नाहीत.

पहिला महिना मापं आणि मांजरपाट. एरवी शिंपी माप उभ्या माणसाचं घेतो. इथे हात वर करून, गुडघ्यावर बसवून आणि पाय फाकवून पुन्हा मापं घ्यायला लावतात, कारण नट उभा राहून संवाद म्हणत नाही, तो पळतो, पडतो, लढतो. मांजरपाटाचा नमुना अंगावर बसल्याशिवाय मूळ कापडाला कात्री लागत नाही. सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच बेततात. ते टाळलं तर पहिल्याच धुण्यात बाही अर्धा-पाऊण इंच वर जाते. बाजूच्या शिवणीत दीड इंच दाब, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, ठेवायचा, दोन्ही कडा वेगवेगळ्या ओव्हरलॉक करायच्या आणि शिवण फाकवून इस्त्री करायची. नट बदलला की रात्रीतून कपडा उसवून सैल करता आला पाहिजे. बाजारचे कपडे शिवणारे दोन्ही कडा एकत्र ओव्हरलॉक करतात. तो कपडा पुढे वाढत नाही.

या वर्गातलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे अंगरखा. काखेतल्या चौबगल्यासाठी, म्हणजे हात मोकळा हलावा म्हणून तिथे जोडायच्या चौकोनी तुकड्यासाठी, पूर्ण तीन दिवस दिले आहेत. शिवणीचा दाब धरून पाच इंचांचा चौकोन कापायचा. त्याचे कोपरे काखेच्या शिवणीला भिडवायचे. प्रत्येक कोपऱ्यात टाका कडेच्या अर्धा इंच आधी थांबवायचा, सुई खाली ठेवून कापड वळवायचं आणि मगच पुढची बाजू घ्यायची. टाका कडेपर्यंत गेला की तिथे चुणी पडते आणि ती इस्त्रीने जात नाही. चौबगला गाळला, तर तलवार उगारताच अख्खा अंगरखा छातीपर्यंत वर चढतो. छातीवरचे बंद नुसते दिसायला, खाली टिचबटणं. व्हेल्क्रोला इथे मनाई आहे, कारण शांत प्रसंगात विंगेतला तो चर्र आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो.

शिवलेली नऊवारीही नीट शिकवतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. एवढं कापड लावणीच्या बैठकीत आसनावर, म्हणजे दोन पायांमधल्या शिवणीवर, ताण आणतं. म्हणून माप पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत, आणि तेही बसलेल्या अवस्थेत घेतात. वर तीन इंच ढिलाई, मियानी (आसनातला जोडतुकडा) जोडलेली आणि आसनाला बारीक टाक्याची दुहेरी शिवण. नुसतं इलॅस्टिक साडीच्या वजनाने घसरतं, त्यामुळे कमरपट्टीत नाडी आणि दोन हूक. सरावाला काठाची सिंथेटिक साडी देतात. जुनी जरीची साडी कुणालाही कापू देत नाहीत, हे विशेष आवडलं.

वर्गाच्या हॉलमध्ये रंगीत जिलेटिन लावलेले तीन दिवे आहेत. कापड घेण्याआधी त्याचा तुकडा वीस फुटांवर धरून बघायचा. गडद निळा पिवळ्या-केशरी उजेडात मळकट काळा होतो आणि लाल हिरव्या उजेडात काळाच दिसतो. बारीक भरतकामही तिथून दिसत नाही. त्यापेक्षा जाड गोटा लावलेला बरा.

सिनेमाचा भाग मात्र तोकडा आहे, जेमतेम आठ दिवस. अगदी बारीक रेघांचं कापड पडद्यावर लहरतं, प्लॅस्टिक जरी चकाकते, टाफेटा या कडक रेशमी कापडाची सळसळ कॉलर-माइकमध्ये येते, एवढं सांगतात. पण पाऊस किंवा मारामारीच्या प्रसंगासाठी एकाच कपड्याचे दोन-तीन संच एकसारखे कसे ठेवायचे, कंटिन्युइटीचे, म्हणजे एका शॉटमधला कपडा पुढच्या शॉटमध्ये तसाच दिसावा म्हणून, फोटो आणि नोंदी कशा ठेवायच्या, हे कुणी करून घेत नाही. कपडा जुना करण्याचा धडा तर चहाच्या पाण्यात संपतो. चहाने पांढऱ्याची चमक मरते, पण कपडा सगळीकडे सारखाच तपकिरी होतो. खरा कपडा कॉलरची दुमड, बाहीची कड, गुडघा आणि खिशाचं तोंड इथे झिजतो. खरं तर आधी धुण्याच्या सोड्यात धुऊन कांजी काढायची, घड्यांवर पॉलिशपेपर घासायचा, ओल्या खिशात वजन ठेवून तो लोंबू द्यायचा आणि शेवटी फिक्याकडून गडदाकडे रंग थोपटायचा. त्याआधी हे सगळं एका तुकड्यावर करून, धुतल्यानंतर काय उरतं ते बघायचं. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर घेतलं. त्यांच्या मुलखातल्या वर्गात साध्या माणसाचा रोजचा, वापरलेला कपडा एवढा कमी शिकवला जावा, याचं वाईट वाटतं.

कापडाचा खर्च फीमध्ये नाही. वीस-पंचवीस मीटर मांजरपाट धरून चाला. दहा इंची कात्री स्वतःची आणा आणि तिने कागद कापू नका.

शेवटची परीक्षा एका एकांकिकेच्या प्रयोगात, विंगेत होते. कमरेच्या पिशवीत काळा, पांढरा, लाल दोरा ओवलेल्या सुया, सेफ्टीपिना, छोटी कात्री आणि सुटं नाडं. अंधारात चाळीस सेकंदांत अंगरखा उतरवून शेरवानी चढवायची. शेरवानी खुर्चीवर बटणं उघडी, गळा नटाकडे करून ठेवलेली नसेल तर तिथेच गुण कापतात.