पैसे ‘आजीवन निवासा’चे, पावती देणगीची

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आई-बाबा आणि माझा धाकटा भाऊ राहतात. भाऊ 41 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. स्वतःचं आवरतो, कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो, पण व्यवहार कळत नाही. बाबा 78 वर्षांचे. ‘आमच्या माघारी याचं काय’ हे ज्या घरात रोज बोललं जातं, तिथे गिऱ्हाईक पटवायला फार मेहनत लागत नाही.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कर्जतजवळच्या एका ‘आजीवन निवासी प्रकल्पा’ची माहिती फिरत होती. एकरकमी साडेआठ लाख भरा, मग जन्मभर राहणं, जेवण, औषधं फुकट. या रकमेचं बँकेतलं व्याज महिन्याला जेमतेम पाच हजार होतं. त्यात एका माणसाचं खाणंपिणं, औषधं आणि चोवीस तासांचा मदतनीस बसतो का, हे गणित ज्याचं त्याने करून बघावं.

जागा दाखवायला त्यांनीच गाडी पाठवली. बंगला छान, भिंतींवर फुलपाखरं रंगवलेली. ‘सध्या 30 मुलं आहेत, आत्ता शेतावर गेलीत,’ असं सांगितलं. माझ्या भावाला दारातल्या चपला जोडीने लावून ठेवायची सवय आहे, कुणाच्याही घरी गेला तरी. तो दारातच घुटमळला आणि म्हणाला, ‘ताई, चपला नाहीत.’ खरंच नव्हत्या. गाद्यांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. मी बाबांना खुणावलं, पण ‘पहिल्या 20 जणांनाच हा दर’ हे त्यांच्या कानात बसलं होतं. त्यांनी सहा लाखांचा चेक दिला, उरलेले अडीच रोख.

पावती आली ती फक्त सहा लाखांची, आणि तीही ‘कॉर्पस देणगी’ म्हणून, म्हणजे संस्थेच्या कायम निधीसाठी दिलेली देणगी. डिपॉझिट, निवास, प्रवेश यांपैकी एकही शब्द त्यावर नाही. वर ‘80जी मिळेल’, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळेल, म्हणून कौतुक. (रोख दोन हजारांच्या वरच्या देणगीला 80जीची सवलत मिळतच नाही, मग ते अडीच लाख कशाचे?) प्रवेश लांबत गेला तसे बाबांनी पैसे मागितले. उत्तर ठरलेलं होतं: काका, देणगी परत करता येत नाही.

त्याआधी आणखी एक कागद पुढे आला होता. भावाचं पालकत्व संस्थेच्या संचालकांकडे देतो, असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागत होते, शिवाय त्याच्या नावच्या एफडीची माहिती. तिथे मात्र आईने हात आखडता घेतला. 18 वर्षांवरील बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचा कायदेशीर पालक 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकारी जिच्यात असतात ती स्थानिक स्तर समिती नेमते. नोटरीचा शिक्का मारून कुणी पालक होत नाही. नेमलेल्या पालकालाही सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर वर्षी हिशेब.

‘आम्ही रजिस्टर्ड आहोत’ हे त्यांचं पालुपद होतं, आणि ते खोटं नव्हतं. वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी केली तेव्हा ट्रस्टची नोंदणी निघाली, उद्देश ‘शिक्षण व आरोग्य प्रसार’. पण ट्रस्टची नोंदणी वेगळी आणि दिव्यांगांची संस्था चालवायची परवानगी वेगळी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 50 आणि 51 नुसार अशा संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याचं स्वतंत्र नोंदणी प्रमाणपत्र लागतं आणि ते दर्शनी भागात लावावं लागतं. तिथल्या दर्शनी भागात नेत्यांसोबतचे फोटो होते. कुठेही पैसे भरण्याआधी त्या प्रमाणपत्राची प्रत मागा, मुदत बघा, आणि जिथे माणसं राहतात म्हणतात तिथे न कळवता, जेवणाच्या वेळेला जा.

पोलीस ठाण्यात आधी ‘देणगी तुम्ही स्वखुशीने दिलीत’ हेच ऐकावं लागलं. व्हॉट्सॲपवर त्यांनी पाठवलेलं दरपत्रक आणि ‘रूम कन्फर्म’चे मेसेज प्रिंट काढून जोडले, तेव्हा लेखी अर्ज घेतला. धर्मादाय आयुक्तांकडेही तक्रार दिली आहे, दोन्हीकडे अजून निकाल नाही. पालकत्वाचा अर्ज आता वांद्र्याला, उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात माझ्या नावाने भरलाय.

आमच्यासारखी ‘कॉर्पस’ची पावती आणखी तीन घरांत निघाली. तुमच्याकडेही असेल तर ती, चेकची नोंद आणि जुने मेसेज जपून ठेवा, फोन बदलताना चॅट उडवू नका. एकत्र तक्रार द्यायची तयारी चालू आहे.