दोन लिव्हर, एक इंजिन आणि 1,72,090 रुपये

सोलापूरच्या माणसाला बोटीच्या इंजिनात कोणी फसवले, हे सांगितले की समोरचा आधी हसतो आणि मग ‘इथे कुठला समुद्र?’ असे विचारतो. पोलीस ठाण्यातही नेमके तेच झाले, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझी बावीस फुटी फायबरची बोट उजनीच्या फुगवट्यावर, करमाळा तालुक्याच्या काठाला असते आणि रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना आम्ही तिच्यातून फिरवतो. खाली छोटी केबिन आहे, वर बसायला डेक आहे आणि बोट चालवण्याची सोय दोन्हीकडे आहे, कारण पक्ष्यांजवळ जाताना वरूनच नीट दिसते आणि वारा सुटला की खाली उतरावेच लागते.

मोठे इंजिन साठ अश्वशक्तीचे आहे. त्याच्या जोडीला एक लहान इंजिन हवे होते, ते हौसेपोटी नव्हे. उजनी 117 टीएमसीचे धरण खरे, पण त्यातले 63 टीएमसीहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोजले जाते, आणि उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये गेले की जुन्या गावांच्या भिंती आणि झाडांची खोडे वर येतात, तेव्हा मोठ्या इंजिनाचा पंखा तिथे फिरवता येत नाही. शिवाय 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटून सहा जण गेले, तेव्हापासून घरात एकच धोशा सुरू होता की एक इंजिन बंद पडले तर दुसरे तयार पाहिजे. हे सगळे एवढ्यासाठी लिहिले की ‘नसते उद्योग कोणी सांगितले होते?’ हा प्रश्न मला आतापर्यंत पुष्कळांनी विचारून झाला आहे.

लहान इंजिन बहुधा मागे बसून दांड्याने चालवायचे असते. ते दोन ठिकाणांहून चालवायचे म्हटले तर दांडा काढून गिअरची आणि थ्रॉटलची, म्हणजे वेग कमीजास्त करण्याची, अशा दोन केबली जोडाव्या लागतात, आणि त्यासाठी इंजिन मुळात तशा जोडणीचे असावे लागते. मला हवी होती त्या पद्धतीत वरच्या लिव्हरच्या दोन आणि खालच्या लिव्हरच्या दोन केबली मधल्या एका जोडपेटीत येतात आणि तिथून दोनच केबली इंजिनाकडे जातात. खरी कारागिरी त्या जोडपेटीत असते. एक लिव्हर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय दुसरी ताबा घेऊ शकत नाही, म्हणजे वरचा माणूस पुढे आणि खालचा माणूस मागे असा घोटाळा होत नाही. मी तीस वर्षे यंत्रमागाचे सुटे भाग विकले आहेत, त्यामुळे हे सगळे मला कळत होते, आणि कळत असूनही मी फसलो, याचीच लाज जास्त आहे.

विक्रेता फोनवर भेटला. मुंबईचा पत्ता, कंपनीचे नाव छापलेले कोटेशन, बोलणे अत्यंत आदबशीर, दर वाक्याला ‘काका’. 9.9 अश्वशक्तीचे नवे फोरस्ट्रोक इंजिन, वीस इंची शाफ्ट (म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंतची लांबी), दोन लिव्हर, सर्व केबली आणि जोडपेटी असे मिळून 1,85,000 रुपये ठरले. 35,000 आगाऊ, 1,20,000 बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती, हातात आल्यावर आणि उरलेले 30,000 त्याचा माणूस सोलापूरला येऊन बसवून देईल तेव्हा. शेवटचे तीस हजार माझ्याकडे राहणार होते म्हणून मला हा व्यवहार सुरक्षित वाटला. ते तीस हजार त्याला कधी नकोच होते, हे आता कळते. (कोटेशनवरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक 24 होते. 24 म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचे 27 असतात. पत्ता मुंबईचा आणि क्रमांक गुजरातचा, हे पाहायला दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद मी पैसे गेल्यावर काढले.)

पण खरा क्षण तो नव्हे. आगाऊ रक्कम देण्याआधी मीच त्याला म्हटले की इंजिन चालू करून दाखवा. त्याने व्हिडिओ पाठवला. निळ्या प्लास्टिकच्या पिंपात इंजिनाचा खालचा भाग बुडवलेला, आवाज खणखणीत, बाजूच्या टेबलावर दोन लिव्हर, आणि एक माणूस आळीपाळीने दोन्ही हलवतो तसा इंजिनाचा आवाज चढतो आणि उतरतो. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि सौभाग्यवतींनाही दाखवला. इंजिनाच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक असते, इंजिन चालू असताना थंड करणाऱ्या पाण्याची धार त्यातून सतत बाहेर पडते. काठावर रोज सकाळी मोठे इंजिन सुरू केले की माझा नावाडी आणि मी दोघेही आधी त्या धारेकडे पाहतो, धार दिसली तरच दोर सोडतो. त्या व्हिडिओत ते भोक स्पष्ट दिसत होते आणि ते कोरडे होते. चार वेळा पाहूनही मी लिव्हरकडेच पाहत राहिलो, कारण मला लिव्हर पाहायच्या होत्या. दांडासुद्धा इंजिनाला तसाच होता. तेवढे मी विचारले. ‘काका, तो पाठवताना काढून देतो’ असे उत्तर आले आणि माझे समाधान झाले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे तसेच. 35,000 गेले, चौथ्या दिवशी व्हॉट्सॲपवर बिल्टीचा फोटो आला, 1,20,000 गेले. मग ई-वे बिलात, म्हणजे मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, चूक निघाली, गाडी अडवली आहे, दंड भरला नाही तर माल जप्त होईल, असा फोन आला आणि 14,750 गेले. ई-वे बिलाचा क्रमांक बारा अंकी असतो आणि सरकारी संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो. बिल्टीचा फोटो पाहून पैसे देऊ नका, ट्रान्सपोर्टच्या गोदामात स्वतः जा, खोके उघडून पाहा आणि मगच बोला.

माल मात्र आला. भाडे आणि हमाली मिळून 2,340 रुपये देऊन तो शेडमध्ये उतरवला. वरचे झाकण ताज्या रंगाचे होते, पण नखाने खरवडले तर खाली दुसराच रंग. क्रमांकाची पट्टी जुनी, तिचे रिव्हेट नवे कोरे. टेप लावला तर शाफ्ट वीस इंची नव्हे, पंधरा इंची. माझ्या बोटीला तो लावला तर पंखा नीट बुडणारच नाही, पाण्याऐवजी हवा कापत बसेल. केबली जोडण्याची सोय इंजिनाला मुळातच नव्हती. जोडपेटी म्हणून जे आले ते पत्र्याच्या डब्यात बसवलेल्या दोन लोखंडी पट्ट्या होत्या, आणि वरची व खालची केबल एकाच खिळ्यात अडकवलेली होती. मी टेबलावरच वरची लिव्हर पुढे ढकलून पाहिली. खालची लिव्हर न्यूट्रलच्या खाचेत घट्ट बसलेली, ती हलेना, आणि दोघींच्या झटापटीत केबलची आतली तार माझ्या डोळ्यांसमोर धनुष्यासारखी वाकली. पाण्यावर, लोक बसलेले असताना हे झाले असते तर इंजिन गिअरमध्ये अडकून राहिले असते. तातडीने इंजिन बंद करायची दोरीची कळसुद्धा दोन्ही लिव्हरपैकी एकीलाही नव्हती.

मिस्त्रीने खालचा पंप उघडला तर आतल्या रबरी चक्राच्या पाकळ्यांचा चुरा झालेला. म्हणजे लिव्हरचे नाटक सोडले तर व्हिडिओ बनावट नव्हता. याच इंजिनाचा होता, याच मेलेल्या पंपाचा, म्हणूनच धार नव्हती. त्याने मला सगळे दाखवले होते.

आता कचेऱ्यांविषयी. एका ठाण्यात सांगितले की ऑनलाइन फसवणूक म्हणजे माल न येणे, तुमचा तर माल आला आहे, हा व्यापारी वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. मी म्हटले, जुने इंजिन नवे म्हणून विकणे ही फसवणूक नव्हे का? तेव्हा साहेबांनी बोट कुठे असते ते विचारले. करमाळा तालुक्यात म्हटल्यावर ‘मग तो ग्रामीणचा विषय’ असे उत्तर मिळाले. ग्रामीणमध्ये गेलो तर, तुम्ही राहता शहरात, पैसे शहरातून गेले, मग तक्रार शहरात. चारशेवीस जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आले, पण अर्जदाराला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवण्याचे कलम बदललेले नाही. चार हेलपाट्यांनंतर अर्ज घेतला, पोच मात्र मागूनही तिसऱ्या दिवशी दिली. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. बँकेत तर, तुम्हीच पिन टाकून पैसे पाठवलेत ना, एवढ्यावर बोळवण झाली. मी स्वतः मात्र एक मोठी चूक केली. 1930 या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करायचा असतो, म्हणजे पुढच्या खात्यातले पैसे गोठवता येण्याची काही शक्यता राहते. मी नऊ दिवस त्या माणसाशी ‘बदलून द्या’ म्हणून वाद घालण्यात घालवले, आणि तो रोज ‘उद्या नक्की, काका’ म्हणत राहिला.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हे मला एका ओळखीच्या वकिलाने सांगितले. तिथेही खिडकीवरचा पहिला प्रश्न असा की बोट धंद्याची आहे, मग तुम्ही ग्राहक कसे? स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली नाही, हे कायद्यातच लिहिले आहे, पण ते लेखी दाखवावे लागले. तुमचीही वस्तू पोटापाण्याची असेल तर हे वाक्य पहिल्याच अर्जात घाला.

विक्रेत्याचा फोन बंद आहे आणि पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली आहे. पुढच्या तारखेला इंजिन पुरावा म्हणून हजर ठेवा, असे मला सांगितले आहे. चाळीसएक किलोचे ते धूड सध्या शेडमध्ये जुन्या चादरीखाली झाकून ठेवले आहे. त्यासाठी टेम्पो ठरवला आहे, जाऊन येऊन 1,200 रुपये.